येताना हलकं, जाताना जड

रोज दिवस कलला की लालासाहेब बाभळीच्या काट्यांची फेसाटी दोराला बांधायचे, दोर खांद्यावर टाकायचे आणि तलावाच्या काठाकाठानं ती ओढत न्यायचे. ओढ्याच्या तोंडापासून बाभळीच्या बनापर्यंत, दीडएक फर्लांग. काठाची वाट गाळाची, मऊ. पुढं त्यांची पावलं उमटायची आणि मागून घसटत येणारी फेसाटी ती पुसून टाकायची. दिवसभरातली गुरांची, कुत्र्यांची, पाहुण्यांची, सगळ्यांचीच पावलं तिच्याखाली जायची. टोकाला पोचले की ते मागं वळून बघत. वाट पाटीसारखी कोरी झालेली असे. मग फेसाटी झाडाच्या बेचक्यात अडकवून ते वरच्या बांधावरून, खडीवर पाय ठेवत परत येत. पावसाचे महिने सोडले तर नऊ वर्षांत हा नेम चुकला नाही, असं त्यांची बायको साळूबाई सांगतात. "तापात बी उठून जायाचं," त्या म्हणतात. "मला इसरत्याल, पर त्या काट्याच्या सवतीला न्हाई."

सांगलीहून पक्षी मोजायला येणाऱ्या क्रांतीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

कुरणवाडीचा हा तलाव कवठे महांकाळपासून बारा किलोमीटरवर आहे. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर तो खोदला गेला. लालासाहेबांच्या आईनं तिथं डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या आणि तान्ह्या लालासाहेबांना लिंबाला झोळीत टांगून ठेवलं होतं. पुढं चाळीसएक वर्षं तलावात दिवाळीपर्यंतच काय ते पाणी असायचं. मग उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी डोंगर चढून इकडं आलं आणि तलाव उन्हाळ्यातही भरलेला राहू लागला. पाणी आलं तसे पक्षी आले. पक्षी आले म्हणून तारेचं कुंपण, फाटक, लोखंडी मनोरा आणि पक्ष्यांची चित्रं असलेली पाटी आली. रविवारी सांगलीहून, विट्याहून, कधी पार फलटणहून माणसं येऊ लागली. या सगळ्याची राखण करायला रोजंदारीवर एक माणूस लागणार होता. लालासाहेब फौजेतून नायक म्हणून सुटून आले होते, मधली काही वर्षं फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या दारावर उभे राहिले होते. त्यांनाच ठेवलं.

क्रांती सव्वीस वर्षांची. सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायची. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी. पोत्याच्या तोंडाशी कितीही पिवळीधमक हळद दिसली तरी पोटात सळई खुपसून आतलं हळकुंड बाहेर काढून बघितल्याशिवाय त्यांनी कधी मान हलवली नाही. ती सवय घरात सगळ्यांच्या अंगी मुरली होती. क्रांती तर भाजीवाल्याच्या वजनालाही हात लावून बघायची.

त्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका पक्षीप्रेमी मंडळानं कुरणवाडीच्या तलावावरची गणती तिच्याकडं सोपवली. दर रविवारी जायचं, पक्षी मोजायचे आणि संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडे टाकायचे. पहाटेच्या एसटीनं ती कवठे महांकाळला उतरायची आणि तिथून नियाजच्या रिक्षानं तलावावर.

पहिल्याच रविवारी फाटकात लालासाहेब आडवे आले. पन्नाशी ओलांडलेला उंच माणूस, खाकी स्वेटर, कानटोपी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाय उचला."

"काय?"

"बुटाचा तळ दावा, म्याडम. हितं समद्यास्नी त्योच नेम हाय."

क्रांतीला राग आला, पण मागं माणसं उभी होती. तिनं एका हातानं फाटक धरून पाय मागं उचलला. लालासाहेबांनी वाकून नीट पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि खिशातली छोटी वही काढून त्यांनी पाठमोरं होऊन काही लिहिलं.

रिक्षातून नियाज ओरडला, "ताई, घाबरू नगा! माझ्या पायाचा तळ त्येंला माझ्या अम्मीपेक्षा ज्यादा पाठ हाय."

"तू गप रं नियाज. उजवी चप्पल झिजलीया तुझी. नवी घे, न्हाईतर घसरून पडशील."

त्या दिवशी क्रांतीनं पट्टकादंब मोजले. त्रेचाळीस. हिमालय ओलांडून येणारे राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर शाईनं ओढावेत तसे दोन काळे पट्टे. पहाटे आसपासच्या हरभऱ्यात चरून यायचे आणि दिवसभर काठावर एका पायावर उभे राहून झोपायचे. शेकाटे, थापट्या बदकं, चक्रवाक, चित्रबलाक हेही होतेच. पण त्या त्रेचाळिसांवर तिचा जीव जडला. संध्याकाळी तिनं ग्रुपवर लिहिलं आणि मंडळातले जुना सभासद इंद्रजित याचं लगेच उत्तर आलं, "व्वा! कुठल्या कोपऱ्यात बसतात सध्या?"

इंद्रजितचं हायवेवर मोठं हॉटेल होतं, हातभर लांबीची लेन्स होती आणि पक्ष्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. कामामुळं यंदा येणं जमलं नाही, असं तो म्हणायचा. एवढा अनुभवी माणूस आपल्याला विचारतो याचंच क्रांतीला अप्रूप. तिनं लिहिलं, "बनाच्या टोकाशी." त्यानंतर तो दर रविवारी विचारायचा आणि ती दर रविवारी सांगायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पट्टकादंब एकोणचाळीस भरले. पुढच्या खेपेला सदतीस. मग तेहतीस. पक्षी इकडं तिकडं जातात, म्हणून तिनं मनोऱ्यावरून तीन-तीनदा मोजले. मग बनाच्या टोकाला तिला गाळात रुतलेला तंगुसाचा फास सापडला. पारदर्शक, केसासारखा बारीक. त्याला दोन राखी पिसं चिकटली होती.

फास ओंजळीत धरून ती फाटकापाशी आली. "काका, हे काय आहे?"

लालासाहेबांनी फासाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं आणि तेच क्रांतीला खटकलं.

"कुठं गावलं?"

"बनाच्या टोकाला."

"तुमालाच बरं गावलं," ते म्हणाले आणि फास तिच्या हातातून काढून घेऊन फाटकाजवळच्या आपल्या खोलीत गेले. अर्धवट उघड्या दारातून क्रांतीला खाटेखालचा ढीग दिसला. तंगुसाच्या फासांची भलीमोठी गुंडाळी.

परतताना तिनं नियाजला विचारलं, "माणूस कसा आहे हो हा?"

नियाजनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. "तऱ्हेवाईक हाय. संशयी हाय. माझ्या बहिणीच्या शादीत मांडवाच्या दारात चपला बघत बसलेला. पर का वो ताई?"

"काही नाही," क्रांती म्हणाली.

रात्री तिनं इंद्रजितला फासाचं सांगितलं. तो म्हणाला, "आतल्या माणसाचा हात असल्याशिवाय असं होत नाही, क्रांती. राखणदारावर नजर ठेव." आपल्या मनात असतं तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं की माणसाला ते खरंच वाटू लागतं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ती मुद्दाम दिवस मावळेपर्यंत थांबली. मनोऱ्यावर एकटीच. ऊन पाण्यावरून सरकत सरकत पलीकडच्या काठाला लागलं, टिटव्या ओरडून गप्प झाल्या. आणि खाली लालासाहेब फेसाटी ओढत निघाले. क्रांतीनं मोबाइल काढला. माणूस पुढं चालतोय, मागं वाट कोरी होत चाललीय. मध्येच ते थांबले, उकिडवे बसले, जमिनीवर काहीतरी निरखून पाहिलं, इकडंतिकडं नजर टाकली आणि तेवढ्याच जागेवरून फेसाटी दोनदा फिरवली. चाळीस सेकंदांचं चित्रण झालं.

ती खाली उतरली तेव्हा ते बांधावरून परत येत होते.

"हे काय करता, काका?"

"झाडलोट," लालासाहेब म्हणाले आणि तिच्या बुटांकडं बघत पुढं गेले.

पावलं पुसणारा माणूस कुणाची पावलं पुसतो? सोमवारी दोन तास बुडवून ती वनपाल जयराज यांच्यापुढं जाऊन बसली. गणतीचे आकडे, फास, खाटेखालची गुंडाळी सगळं तिनं सांगितलं आणि शेवटी मोबाइल टेबलावर ठेवला.

जयराजनं चित्रण दोनदा पाहिलं. "नऊ वर्षं आहे हा माणूस. कधी तक्रार नाही."

"मोजलंय कुणी नऊ वर्षांत?"

जयराज मागं रेलले. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लेखी द्या," म्हणाले.

तिनं दिलं. तीन दिवसांनी लालासाहेबांना घरी बसवलं. त्या वेळी क्रांती तिथं नव्हती. नियाजनं सांगितलं ते एवढंच, की त्यांनी चाव्या, बॅटरी, दुर्बीण आणि फासांची गुंडाळी टेबलावर मांडली, सलाम ठोकला आणि विचारलं, "फेसाटी माझी सोताची हाय. ती न्हेऊ का ऱ्हाऊ दिऊ?" मग ती झाडाच्या बेचक्यातच सोडून ते पायी घरी गेले.

"गाव काय म्हणतंय ठावं हाय का, ताई?" नियाज म्हणाला. "म्हंत्यात, फौजी म्हातारा हंस खात हुता. पानपट्टीवर पोरं त्येंला बघून क्वॅक क्वॅक करत्यात."

क्रांती मनात म्हणाली, चोरी केली तर ऐकावंच लागेल. तरी त्या रविवारी तिला एसटीत डुलकी लागली नाही.

नवा राखणदार खुर्चीत बसून मोबाइलवर कुस्त्या बघत असायचा. कुणाला पाय उचलायला सांगायचा नाही. आता पट्टकादंब कमी व्हायचे थांबतील, अशी तिची खात्री होती. जानेवारीच्या मध्यात ती आली तेव्हा सत्तावीस होते. त्यापुढच्या रविवारी एकवीस.

तिनं पुन्हा मोजले. एकवीसच.

ती काठावर उतरली. या वेळी ती खरोखर काहीतरी शोधायला निघाली होती. कोण आलं, कुठून आलं, कुठं बसलं. गाळावर म्हशींचे खूर होते, कुत्र्यांचे पंजे, पोरांची अनवाणी पावलं, पाहुण्यांचे बूट, शराटी पक्ष्यांच्या लांब बोटांच्या चांदण्या, एकावर एक, आठवड्याचे, पंधरवड्याचे, वाळलेले आणि ओले. ती वाकून वाकून बघत गेली. काही म्हणता काही वाचता येईना. एकाच कागदावर शंभर जणांनी लिहावं तसं झालं होतं. बनाच्या टोकाला बाभळीच्या बेचक्यात फेसाटी अडकवलेली होती, काट्यांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. क्रांती तिच्याकडं बघत उभी राहिली. ही वाट काल संध्याकाळी कोरी असती, तर आज सकाळी तिच्यावर फक्त रात्रीतलंच पाऊल असतं.

 ती तशीच वर आली आणि नियाजला म्हणाली, "त्यांच्या घरी चला."

नियाजनं किल्ली फिरवली. "आता आठवलं व्हय?"

लालासाहेबांचं घर गावाच्या वरच्या अंगाला, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. अंगणात साळूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून क्रांतीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्याच का त्या? आवं, बाहेर या! तुमाला काडून टाकनाऱ्या बाई आल्यात. घरातनं बी काडत्यात का बघा."

"साळू," आतून आवाज आला, "पाणी दे त्येंला आदी."

लालासाहेब बाहेर आले. दाढी वाढली होती. क्रांती वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली. ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही पावलं पुसत नव्हता. दुसऱ्या दिवशीची दिसावीत म्हणून जागा करत होता."

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सरकवली. मग खाली बसले. "वाळवंटात शिकलो," ते म्हणाले. "जैसलमेरच्या पल्याड, सरहद्दीवर. सांजच्याला उंटामागं झुडूप बांधून वाळूची पट्टी सारकी करायची. सकाळी बघायचं, रातीत कोन आलं, कोन गेलं. येताना हलकं आन् जाताना जड असलं तर वझं न्हेलं. उलटं असलं तर वझं ठिवलं. साडेतीन वरीस त्येच केलं. हितं दुसरीकडनं शिरायला वाटच न्हाई. बांधाला दगड, बाकी समदी काटेरी जाळी. चोर आला तर काठानंच येनार."

"मग मी विचारलं तेव्हा झाडलोट का म्हणालात?"

"डाऊट तुमच्यावरच हुता की!"

साळूबाई शेंग फोडता फोडता खुदकन हसल्या.

त्यांनी आतून वही आणली. पानापानांवर बॉलपेननं काढलेले बुटांचे, चपलांचे तळ. नियाजची झिजलेली उजवी चप्पल. म्हशी राखणाऱ्या मनुबाईंचं टाच फुटलेलं अनवाणी पाऊल. एका पानावर षटकोनी नक्षीचा बूट आणि खाली अक्षर : सांगलीच्या म्याडम. ह्या आल्या की दोन दिसात हंस कमी. पुढं भलंमोठं प्रश्नचिन्ह. क्रांतीला आपल्याच बुटाचा तळ ओळखायला क्षणभर लागला.

"आणि हा बघा," लालासाहेबांनी पान उलटलं. जाड आडव्या रेघांचा बूट, टाच डाव्या बाजूला कापलेली. चार तारखा, चार जागा. चारही वेळा तेच : येताना हलकं, जाताना जड. "फास काडून ठिवायचो, तरी नवं टाकायचा. तुमी नजर ठिवून ह्येला सांगत असनार, असं वाटायचं. फाटकावर मातुर कवा आला न्हाई ह्यो."

"माझ्यावर एवढा संशय होता, मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"डाऊट हुता. पक्कं न्हवतं." त्यांनी वही मिटली. "पक्कं झाल्याबिगर मानसाचं नाव घेऊ ने."

ते सहज बोलले. टोमणा मारायचं त्यांच्या मनातही नव्हतं. क्रांतीला आपले चाळीस सेकंद आठवले. तिनं वही पुन्हा मागून घेतली आणि कापलेल्या टाचेच्या तारखा पाहिल्या. सोमवार. मंगळवार. सोमवार. सोमवार. आणि जागा : बनाचं टोक, मोठा खडक, पुन्हा बन, चिंचेखाली. तिनं मोबाइल उघडून ग्रुपवरचे आपलेच जुने निरोप वर सरकवत नेले. बनाच्या टोकाशी. मोठ्या खडकाजवळ. जागा त्याच होत्या.

"काका," ती म्हणाली, "तुमचा संशय अर्धा खरा होता. चोर मी नाही. पण कुठं यायचं ते चोराला मीच सांगत होते."

"बया!" साळूबाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला सुळी. सुळीवर चडवनारी बी हीच आन् उतरवायला आलेली बी हीच. बस, चा पी."

जयराजना लालासाहेबांना सुळीवरून उतरवायला मात्र वेळ लागला. "एकदा म्हणता काढा, एकदा म्हणता घ्या. मी काय कंडक्टर आहे का, मॅडम, चढवा-उतरवायला?" त्यांनी पुन्हा लेखी मागितलं. क्रांतीनं लिहिलं : माझी तक्रार चुकीची होती. मी न विचारता, न समजता केली. दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. तक्रारीची एक प्रत आणि या कबुलीची एक प्रत तिनं गावातल्या पानपट्टीवरही नेऊन चिकटवली. पोरांनी ती वाचली. एक-दोघं क्वॅक म्हणाले, पण या वेळी तिच्याकडं बघून.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लालासाहेब पुन्हा फाटकावर होते. त्या दिवशी एकवीसही हंस मोठ्या खडकाजवळ बसले होते. संध्याकाळी क्रांतीनं ग्रुपवर लिहिलं, "आज सगळे ओढ्याच्या तोंडाशी." एकतीस माणसांच्या ग्रुपवर लिहिलेलं तिचं हे पहिलं खोटं. कुणावर संशय घ्यायचा हे तिनं मुद्दाम मनातही ठरवलं नव्हतं, कारण आता तिला आपल्या संशयाचीच भीती वाटत होती.

सोमवारी सकाळी सातला फोन आला. "आल्ता," लालासाहेब म्हणाले. "वड्याच्या तोंडालाच. टाच कापलेली. ह्या खेपंला येताना हलकं आन् जाताना बी हलकं. बिचारा!"

पुढच्या रविवारी तिनं सगळ्या मंडळाला तलावावर बोलावलं. सहल, डबा, सामूहिक गणती. तीन गाड्या भरून माणसं आली. इंद्रजितही आला, स्वतःच्या गाडीतून, सर्वांत मागं. लालासाहेबांनी सकाळीच फाटकापुढची माती झाडून पाण्याचा सडा मारून ठेवला होता. लग्नघरापुढं असावं तसं अंगण.

"पाय उचला."

लोकांना मजा वाटली. बायका एकमेकींचा खांदा धरून एका पायावर उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "नाल ठोकताय काय, काका?" हसत-खिदळत सगळे आत गेले. इंद्रजितची पाळी आली.

"हा काय पोरखेळ? मी दहा वर्षं पक्षी बघतोय."

"व्हय साहेब. दोन शेकंदांचं काम हाय."

इंद्रजित क्रांतीकडं वळला. "याच्यावर तूच तक्रार केली होतीस ना? आणि आता हा आमचे पाय तपासणार?"

क्रांती उत्तर द्यायला पुढं झाली. पण तिच्याआधी लालासाहेब बोलले. "खरं हाय साहेब. माझ्यावर बी डाऊट हुता. माझा बघा की आदी." आणि फाटकाच्या खांबाला हात लावून त्यांनी आपला उजवा पाय मागं उचलला. फौजेतला जुना बूट, ठिगळ लावलेला. ते तसेच उभे राहिले, चित्रबलाकासारखे एका पायावर, आणि वाट बघत राहिले.

इंद्रजितनं त्यांच्या बुटाकडं पाहिलं नाही. "लेन्सचं झाकण गाडीत राहिलं," तो म्हणाला आणि वळला. गाडी सुरू झाली, मागं आली, आणि कवठे महांकाळच्या दिशेनं निघून गेली.

लालासाहेबांनी पाय खाली ठेवला. त्यांनी गाडीकडं बघितलंच नव्हतं. ते खाली, ओल्या मातीकडं बघत होते. मग त्यांनी वही काढली, पान उघडून तिथल्या ताज्या ठशाशेजारी ठेवली आणि वर दगड ठेवला. जाड आडव्या रेघा. टाच डाव्या बाजूला कापलेली.

"आता पक्कं," ते म्हणाले.

जयराज आले, ठशाचे फोटो काढले, पंचनामा झाला. "नुसत्या ठशावर किती टिकेल, सांगता येत नाही," ते म्हणाले. पण हॉटेलवर दोनदा जाऊन आले. पुढं नक्की काय झालं ते क्रांतीला कळलं नाही. हॉटेल चालू आहे. ग्रुपवर मात्र त्याच रात्री एक ओळ आली, इंद्रजित यांनी ग्रुप सोडला, आणि तिच्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. त्यानंतर काठावर कापलेली टाच उमटली नाही. एकवीस होते ते एकवीसच राहिले, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उत्तरेकडं निघून गेले.

लालासाहेब मे महिन्यात गेले. शेजारच्या गावी लग्नाला गेले होते. अक्षता पडल्या, पंगतीत बसले आणि बसल्या जागीच मान टाकली. नियाजचा फोन आला तेव्हा क्रांती पेपर तपासत होती. ती गेली. साळूबाई तिच्या गळ्यात पडल्या नाहीत; तिला शेजारी बसवून घेतलं आणि बराच वेळ नुसता तिचा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मांडवात शिरतानाबी चपलाच बघत हुते." येताना क्रांती तलावावरून आली. फेसाटी बेचक्यात होती.

तिनं त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चच्या शेवटच्या रविवारी. हंस गेले होते, मोजायला फारसं काही उरलं नव्हतं, तरी ती आली होती. दिवस कलला होता आणि एसटीची वेळ झाली होती, म्हणून बांधाचा वळसा टाळून ती घाईनं काठाच्या वाटेनं निघाली. टोकाला लालासाहेब फेसाटीचा दोर सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं असावं.

"कडंनं जा, पोरी," ते म्हणाले. "आत्ताच वडलीया."